फरांग, खॅक आणि बाकीचे: थाई माणूस परक्याला कोणत्या नावाने ओळखतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा महिन्यांपूर्वी नोकरीनिमित्त बँकॉकला आलेल्या एका मराठी अभियंत्याने विचारले आहे की, कार्यालयातील थाई सहकारी जर्मन व्यवस्थापकाला ‘फरांग’ म्हणतात, जपानी सल्लागाराला नुसते जपानी म्हणतात आणि मला मात्र ‘खॅक’ म्हणतात. एका मित्राकडे गेलो असता त्याच्या इमारतीच्या रखवालदारानेही फोनवर ‘मी खॅक मा हा’ असे सांगितलेले मी स्पष्ट ऐकले. तर हा शब्द शिवी आहे का, त्यात कोणकोण मोडते, आणि त्यावर मी काय बोलावे? रखवालदाराच्या वाक्याकडे मी शेवटी येतो, कारण ते समजण्यासाठी आधी बाकीचे समजणे आवश्यक आहे.

मी गेली चोवीस वर्षे बँकॉकमध्ये थाई, हिंदी आणि इंग्रजी यांच्यात दुभाषाचे काम करतो, आणि नव्याने आलेल्या भारतीयांना थाई शिकवतो. हा प्रश्न माझ्या प्रत्येक वर्गात साधारण तिसऱ्या महिन्यात निघतो, म्हणजे कानाला शब्द सुटे ऐकू येऊ लागले की लगेच.

पहिली गोष्ट अशी की ही नावे पासपोर्टवरून ठरत नाहीत, आणि केवळ कातडीच्या रंगावरूनही ठरत नाहीत. अमेरिकेत जन्मलेला, अमेरिकी पासपोर्ट बाळगणारा गुजराती तरुण येथे खॅकच असतो. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाचे आडनाव पोर्तुगीज असले आणि त्याच्या घरात चार पिढ्या युरोपीय पोशाख असला तरी तोही खॅकच. इराणी व्यापारी कितीही गोरा असला तरी परंपरेने त्याची गणना खॅकांत होते, आणि कालच विमानातून उतरलेला रशियन पर्यटक न विचारता फरांग ठरतो. उलट मिझोरम किंवा मणिपूरहून आलेल्या भारतीयाशी दुकानदार सरळ थाईत बोलू लागतो, आणि उत्तर मिळाले नाही की गोंधळून पुन्हा तोंडाकडे पाहतो. या वर्गवारीचा उगम शोधायचा तर माणूस कोणत्या समुद्राकडून आला आणि सयामच्या, म्हणजे जुन्या थायलंडच्या, दरबाराने त्याला कोणत्या खात्यात टाकले, हे पाहावे लागते.

सयामची जुनी राजधानी अयुथ्थया हिच्या काळात परदेशी व्यापार पाहणाऱ्या खात्याचे दोन भाग होते. ‘क्रोम था साय’ म्हणजे डावे बंदरखाते चिनी व्यापाराचे, आणि ‘क्रोम था ख्वा’ म्हणजे उजवे बंदरखाते पश्चिमेच्या समुद्राकडून येणाऱ्या इराणी, अरब, भारतीय आणि मलय व्यापाऱ्यांचे. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणातील कोम शहरातून आलेला शेख अहमद या उजव्या खात्याचा प्रमुख झाला. त्याला मिळालेली ‘चुला राचमोंत्री’ ही पदवी आजही थायलंडमधील मुस्लिमांच्या सर्वोच्च धर्मप्रमुखाकडे आहे, आणि त्याच्या वंशातील बुन्नाग घराण्याने पुढे सयामचे मोठमोठे मंत्री दिले. म्हणजे ज्या सगळ्यांना आज एका शब्दात खॅक म्हटले जाते, ते तेव्हाच एका दप्तरात एकत्र बांधले गेले होते. इराणी, तमिळ आणि जावानी यांच्यात काडीचे साम्य नसले तरी त्यांचा जकातीचा हिशेब एकाच मेजावर होत असे.

बँकॉकच्या वात फो या मंदिरात तिसऱ्या राम राजाच्या काळात, १८३० च्या दशकात सुरू झालेल्या मोठ्या जीर्णोद्धारात, निरनिराळ्या लोकांच्या मूर्ती आणि त्यांचे वर्णन करणारी पद्ये बसवली गेली. या यादीत बत्तीस प्रकारचे लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी वापरलेला शब्द आहे ‘फासा’, म्हणजे आपला ‘भाषा’. तेव्हाच्या सयामी माणसाला राष्ट्र ही कल्पना नव्हती. वेगळी बोली, वेगळा पोशाख आणि वेगळी केशरचना असलेला तो वेगळ्या ‘भाषेचा’ माणूस. त्यात पठाण आहेत, चुलिया म्हणजे तमिळ मुस्लिम व्यापारी आहेत आणि रामेश्वरचे ब्राह्मणही आहेत. राष्ट्र या अर्थाचा आजचा थाई शब्द ‘छात’ हा आपल्या ‘जाति’वरून आलेला आहे, आणि परदेशी नागरिक म्हणजे ‘तांग छात’, शब्दशः वेगळ्या जातीचा. संस्कृत शब्द समुद्र ओलांडून गेले की किती वेगळे संसार थाटतात, याचा मला इतक्या वर्षांनंतरही अचंबा वाटतो. ‘थेत’ हा आपला ‘देश’च आहे, पण थाईत एखाद्या वस्तूच्या नावामागे तो लागला की अर्थ होतो परदेशी. टोमॅटो म्हणजे ‘मखुआ थेत’, परदेशी वांगे. रताळे म्हणजे ‘मन थेत’, परदेशी कंद. आणि मसाल्यांना सरसकट ‘ख्रुआंग थेत’ म्हणतात. बंगालीत टोमॅटोला विलायती वांगे म्हणत आणि आपण विलायती चिंच म्हणतो, तोच हा प्रकार.

आता ‘फरांग’. हा शब्द मराठी माणसाला ओळखीचा वाटायला हवा, कारण तो आपला ‘फिरंगी’च आहे. युरोपातील फ्रँक लोकांचे नाव अरबी आणि फारसीतून पूर्वेकडे निघाले आणि जिथे जिथे मुसलमान व्यापारी गेले तिथे तिथे रुजले. चेन्नईतील परंगीमलै, पेनांगमधील बातू फेरिंगी, कंबोडियातील ‘बारांग’, लाओसमधील ‘फालांग’ ही सगळी एकाच घरची भावंडे आहेत. पोर्तुगीजांचा दूत १५११ मध्ये अयुथ्थयाला पोहोचला, तेव्हा त्यांना काय म्हणावे हे दरबारातील फारसी जाणणाऱ्या लोकांना आधीच ठाऊक असणार. फ्रान्सला थाईत ‘फरांगसेत’ म्हणतात, त्यावरून ‘फरांग’ निघाला असे अनेक थाई लोक ठामपणे सांगतात, पण ती लोकव्युत्पत्ती समजावी. आपल्याकडे फिरंगी म्हटले की प्रामुख्याने पोर्तुगीज डोळ्यांसमोर येई, इंग्रजाला इंग्रज आणि डचाला वलंदेज असे वेगळे नाव होते. सयामी लोकही डचांना ‘विलंदा’ म्हणत. पुढे ही बारीक नावे मागे पडली आणि फरांग हा शब्द सगळ्या गोऱ्या पाश्चात्त्यांवर पसरला. थायलंडच्या रॉयल इन्स्टिट्यूटचा अधिकृत शब्दकोशही त्याचा अर्थ गोऱ्या वर्णाचे लोक असाच देतो.

या शब्दाला वस्तूंच्या जगातही मोठे घर मिळाले आहे. पेरूच्या फळाला थाईत फरांगच म्हणतात, त्यामुळे पेरू खाणाऱ्या गोऱ्या पर्यटकाला पाहून ‘फरांग फरांग खातोय’ हा विनोद येथे दर मोसमात नव्याने केला जातो. बटाटा म्हणजे ‘मन फरांग’. च्युइंगगमला ‘माक फरांग’ म्हणतात, म्हणजे फिरंग्याची सुपारी, आणि पान खाणाऱ्या समाजाने दिवसभर रवंथ करणाऱ्या परक्याकडे पाहून दिलेले यापेक्षा नेमके नाव मला तरी सुचत नाही. टिंगल करायची असेल तर ‘फरांग खी नोक’ असा शब्द आहे. खी नोक म्हणजे पक्ष्याची विष्ठा. ते पेरूच्या एका लहान, गावठी जातीचे नाव आहे, आणि माणसाला लावले की अर्थ होतो फाटका, चिक्कू, पैसे न सोडणारा गोरा. एरवी नुसत्या ‘फरांग’ शब्दात अपमान नसतो. काही गोऱ्या रहिवाशांना वीस वर्षे राहूनही आपल्याला नावाने न हाकारता फरांग म्हणतात याचा राग येतो, आणि तो राग मला समजतो; पण हा शब्द उच्चारताना थाई माणसाच्या मनात पैसा, शिक्षण आणि गोरेपणा यांचे आकर्षण मिसळलेले असते. खॅक शब्दाच्या वाट्याला ते आकर्षण आलेले नाही, आणि फरांग व खॅक हे शब्द एकाच मापाचे आहेत असे जे थाई मित्र आपल्याला समजावतात, ते प्रामाणिक असले तरी अपुरे सांगतात.

‘खॅक’चा मूळ अर्थ पाहुणा. हा शब्द चिनी भाषेच्या दक्षिणेकडील बोलींतून, पाहुणा याच अर्थाच्या शब्दावरून आला असे मानले जाते. चीनमधील हक्का समाजाच्या नावातही तोच शब्द आहे. घरी आलेला पाहुणा खॅक, हॉटेलात उतरलेला ग्राहक खॅक, लग्नाला आलेली मंडळी खॅक, आणि परराष्ट्राच्या प्रमुखाच्या स्वागतात वर्तमानपत्र लिहिते ते ‘खॅक बान खॅक मुआंग’, म्हणजे घरचा आणि नगरीचा पाहुणा. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात अनोळखी वाटसरूला ‘काय पाहुणं, कंचं गाव?’ असे विचारतात, त्यात जसा आदर, चौकशी आणि ‘तू इथला नव्हेस’ ही जाणीव एकत्र असते, तसेच काहीसे सुरुवातीला असावे. पुढे हाच शब्द पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून आलेल्या लोकांना चिकटला: मलय, जावानी, चाम, अरब, इराणी, पठाण, तमिळ, शीख, बंगाली. वेगळेपणा दाखवायचा असेल तर मागे विशेषण जोडत, जसे ‘खॅक मलायू’, ‘खॅक चाम’, अरबांसाठी ‘खॅक आराब’, किंवा शियांसाठी ‘खॅक चाव सेन’, ज्यातील ‘सेन’ हे हुसेन या नावाचे थाई रूप आहे.

भारतीयांच्या बाबतीत या शब्दाला व्यवसाय चिकटले, आणि खरी मेख तेथे आहे. गुजराती व्यापाऱ्यांचे आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील कापड सयामी दरबाराला इतके हवे असे की सयामी नक्षीचे नमुने भारतात पाठवून तिथे छापून घेतले जात. पुढे पंजाबातून शीख आणि हिंदू कापडवाले आले आणि बँकॉकमधील पाहुरात हा बाजार त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला; ते ‘खॅक खाय फा’, कापड विकणारे खॅक. पूर्व उत्तर प्रदेशातून, विशेषतः गोरखपूरच्या बाजूने, कष्टकरी माणसे आली, आणि त्यांच्यापैकी कोणी शेंगदाणे विकू लागला, कोणी रात्रीचा पहारेकरी झाला, कोणी मच्छरदाण्या हप्त्याने विकता विकता व्याजाने पैसेही देऊ लागला. थाई भाषेत या प्रत्येकासाठी खॅकपासून सुरू होणारे जोडनाव आहे: ‘खॅक याम’ म्हणजे पहारेकरी, ‘खॅक खाय थुआ’ म्हणजे दाणेवाला, ‘खॅक खाय मुंग’ म्हणजे मच्छरदाणीवाला. साठ-सत्तर वर्षांच्या थाई माणसाने लहानपणी पाहिलेला भारतीय हा एवढाच. विनोदी कार्यक्रमांत अंगाला काळा रंग फासून, डोक्याला पागोटे गुंडाळून, ‘ई-नी... नाय चा’ अशा ठरलेल्या हेलात बोलणारे जे पात्र येते, ते या दाणेवाल्यावरून बेतलेले आहे. अशाच ठशातून साप आणि खॅक एकत्र दिसले तर आधी खॅकला मारावे, ही थाई म्हण टिकून आहे. याच साच्याच्या म्हणी भारतात आपण इतर समाजांवर बेतलेल्या ऐकलेल्या आहेत, त्यामुळे फार धक्का बसल्याचे सोंग करण्याचा आपल्याला अधिकार नाही, परंतु ती म्हण आहे आणि वापरली जाते, हेही लपवण्यात अर्थ नाही.

माझा स्वतःचा एक प्रसंग सांगतो. आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी एका खासगी संस्थेत दुभाषाच्या कामासाठी गेलो होतो. स्वागतकक्षातील बाईंनी आत निरोप दिला, ‘खॅक आलाय, पण दाणेवाला नाही.’ मला थाई येते हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या स्वरात द्वेष नव्हता; त्यांना जे वर्गीकरण येत होते त्यात मी कुठे बसतो एवढेच त्या वरिष्ठांना कळवत होत्या. पण शिवीपेक्षा तो दाणेवाल्याचा खुलासा मला जास्त लागला, आणि हा शब्द कसा काम करतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

गंमत अशी की भारताकडे पाहण्याचा थाई माणसाचा दुसरा एक डोळाही आहे, आणि तो या पहिल्या डोळ्याशी फारसे बोलत नाही. बुद्धाची भूमी म्हणून ज्या भारताचे नाव घेतले जाते तो ‘छोम्फू थवीप’, म्हणजे जंबुद्वीप. बोधगयेच्या यात्रेला जाणारी वृद्ध स्त्री आपण खॅकांच्या देशात चाललो असे सहसा म्हणत नाही. दरबारातील विधी करणारे ब्राह्मण हे ‘फ्राम’, त्यांना कोणी खॅक म्हणत नाही, आणि बँकॉकच्या मोठ्या झुल्याजवळचे त्यांचे देवस्थान हे फ्रामांचे देऊळ. गणपती म्हणजे ‘फ्रा फिखनेत’, जो थायलंडच्या ललितकला विभागाच्या बोधचिन्हावर विराजमान आहे आणि ज्याच्यापुढे नाटकाचे, सिनेमाचे, चित्रकलेचे थाई लोक हात जोडतात. पण त्याच शहरात सिलोम रस्त्यावर तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या मरिअम्मन मंदिराला सारे बँकॉक ‘वात खॅक’ म्हणते, खॅकांचे मंदिर. नवरात्रात तिथून निघणाऱ्या मिरवणुकीला थाई भाविकांची इतकी गर्दी होते की भारतीय शोधावे लागतात. येथे खॅक हा शब्द पत्ता सांगणारा आहे, त्यात उपहास नाही, आणि भारतीय वंशाचे लोकही टॅक्सीवाल्याला तेच नाव सांगतात. पपईची ‘खॅक दाम’ म्हणजे काळा खॅक नावाची जात, पारंपरिक वाद्यवृंदातील ‘क्लोंग खॅक’ हा ढोल, खॅकपासून नावे सुरू होणाऱ्या कितीतरी जुन्या पारंपरिक चाली, हेही असेच निरुपद्रवी वापर.

ज्यांना हा शब्द सर्वांत जास्त बोचतो ते मात्र भारतीय नाहीत. थायलंडच्या दक्षिण टोकाला पत्तानी, याला, नराथिवात या प्रांतांत राहणारे मलय मुस्लिम त्या जमिनीवर शतकानुशतके आहेत; सीमेची आजची रेषा १९०९ च्या ब्रिटन व सयाममधील कराराने आखली गेली, त्यांनी ती ओलांडलेली नाही. त्यांना खॅक म्हणणे म्हणजे स्वतःच्याच घरात राहणाऱ्या माणसाला पाहुणा म्हणणे. सरकारी भाषा त्यांच्यासाठी ‘थाई मुस्लिम’ असा शब्द वापरते, पण त्यात त्यांचे मलयपण गाळलेले असते, त्यामुळे तोही सर्वांना पटत नाही. दक्षिणेत गेलात तर कोणत्याही मुस्लिम माणसाबद्दल बोलताना खॅक शब्द तोंडातून निघू देऊ नका, आपण स्वतःला गमतीने तसे म्हणवून घेत असलात तरी.

चिनी लोकांची गोष्ट वेगळी आहे आणि थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ते थाई समाजात इतके मिसळले की परके कोण हा प्रश्नच पुसट झाला. ‘चीन’ हा सभ्य शब्द, ‘चेक’ हा हिणवणारा. एकोणिसाव्या शतकात चिनी पुरुषाला दर तीन वर्षांनी ठरावीक कर भरून मनगटाला दोरा व त्यावर मोहोर बांधून घ्यावी लागे. सहाव्या राम राजाने १९१४ मध्ये टोपणनावाने लिहून चिनी व्यापाऱ्यांना पूर्वेचे ज्यू ठरवले. आज मोठ्या उद्योगांची मालकी, संसदेतील जागा आणि दूरचित्रवाणीवरील चेहरे पाहिले तर चिनी वंशाचे थाई ठायी ठायी दिसतात, आणि त्यांच्यातील कित्येक जण ‘आम्ही चेकची पोरे’ असे स्वतःच अभिमानाने म्हणतात. शब्द तोच राहिला आणि तो उच्चारणाऱ्यांची पत बदलली, तेव्हा त्याची धार आपोआप गेली. जपानी आणि कोरियन लोकांना त्यांच्या देशाच्याच नावाने संबोधतात, ती दोन्ही नावे स्वच्छ आहेत, त्यामुळे आपल्या जपानी सहकाऱ्याच्या बाबतीत काही गूढ नाही.

काळ्या वर्णाच्या लोकांसाठी जुन्या वर्गवारीत नीट जागाच नव्हती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलाचे तळ उदोन, उबोन, खोरात, उ-तपाओ येथे होते, आणि त्या सैनिकांतील काळ्यांना लोक ‘फरांग दाम’, म्हणजे काळा फरांग म्हणू लागले. शब्दाचा रंग आणि माणसाचा रंग जुळेना, म्हणून ही जोड. आज सभ्य बोलण्यात ‘खोन फिव दाम’ किंवा ‘खोन फिव सी’, म्हणजे काळ्या अथवा रंगीत त्वचेचा माणूस, असे म्हणतात. इंग्रजीतून आलेला ‘निक्रो’ जुन्या पिढीच्या तोंडी अजून ऐकू येतो, बहुतेकदा अज्ञानातून. ‘आय मूत’, म्हणजे ‘काळोख्या’, हा शब्द मात्र सरळ अपमान आहे, तिथे सद्भावनेची पळवाट नाही.

शेजारच्या देशांतील लोकांना कोणते शब्द लागतात ते ऐकले, म्हणजे या सगळ्यात वर्गाचा भाग किती मोठा आहे हे ध्यानात येते. कायद्याच्या भाषेत आपण सगळेच, जर्मन व्यवस्थापकासकट, ‘तांग दाव’ आहोत, म्हणजे परक्या मुलखाचे. १९९९ च्या परदेशी व्यवसायविषयक कायद्याच्या नावातच तो शब्द आहे आणि आपल्या कामाच्या परवान्याच्या कागदावरही तो असतो. पण बातमीत किंवा बोलण्यात ‘तांग दाव’ म्हटले की कोणाच्याही डोळ्यांसमोर जर्मन व्यवस्थापक येत नाही, म्यानमार, कंबोडिया किंवा लाओसचा मजूर येतो. व्यवस्थापक असतो तो ‘तांग छात’. मजुरांच्या हक्कांसाठी काम करणारे लोक म्हणूनच ‘तांग दाव’ टाळून सीमापार कामगार अशा अर्थाचा शब्द वापरतात. ‘लाव’ हे लाओसच्या लोकांचे साधे नाव, परंतु बँकॉकमध्ये गावंढळ या अर्थाने ते शिवीसारखे फेकले जाते, आणि ते लागते ते ईशान्येकडील इसान या भागातील थाई नागरिकांना, ज्यांची मातृभाषा लाओशी जुळते. व्हिएतनामींसाठी ‘केव’, डोंगराळ भागातील ह्मोंगांसाठी ‘मेव’ हे शब्दही असेच हलके मानले जातात, ते शिकून विसरून जावेत.

आता आपल्या कामाचा भाग. एखाद्याने खॅक म्हटले की शब्दाकडे कमी आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे तिकडे जास्त लक्ष द्यावे. आधी ‘खुन’ लागले आहे का पाहावे, जो आपला ‘गुण’ शब्द आहे आणि श्री किंवा श्रीमती यांच्यासारखा आदरार्थी वापरला जातो. त्याऐवजी आधी ‘आय’ लागले असेल, म्हणजे ‘आय खॅक’, तर ते ‘ए खॅकड्या’च्या जातीचे झाले, आणि स्त्रीबाबत तिथे ‘ई’ येते. नंतरच्या वाक्यांत आपल्याविषयी सर्वनाम कोणते येते हे त्याहून महत्त्वाचे: ‘खाव’ म्हणजे तो किंवा ते, ‘मन’ म्हणजे ते, वस्तूला किंवा जनावराला म्हणतात तसे. जवळच्या मित्रांत ‘मन’ चालते, पण कार्यालयातील अर्धओळखीच्या माणसाने आपल्यामागे ‘मन’ वापरले तर तिथे तुच्छता आहे असे समजण्यास हरकत नाही, खॅक शब्द उच्चारला गेला असो वा नसो.

काही संबोधने आदराची वाटतात आणि नसतात. ‘बंग’ हा शब्द मलय भाषेतील थोरल्या भावाच्या नावावरून आला. रोटीवाल्याला ‘बंग’ म्हणतात तेव्हा त्यात जवळीक असते, पण कोटातल्या भारतीय लेखापालाला ‘आबंग’ म्हटले की तो टोमणा होतो. मुंबईत ‘भैया’ या शब्दाचे आपण काय केले, भाऊ या अर्थाच्या शब्दातून एका सबंध प्रांताच्या कष्टकऱ्यांना कसे हिणवू लागलो, हे आठवले की ‘बंग’ समजायला शब्दकोश लागत नाही. ‘नाय हांग’ म्हणजे पेढीचा मालक, ही पाहुरातच्या भारतीय व्यापाऱ्यांना आदराने लावली जाणारी हाक. तीही आपल्याला लागली तर विक्रेता केवळ गिऱ्हाईक पटवतो आहे असे समजावे.

कार्यालयातील सहकाऱ्यांना काय सांगावे, तर भांडू नये आणि गप्पही बसू नये. ‘फोम पेन खोन इंदिया’, मी भारतीय आहे, एवढे हसतमुखाने एकदा सांगितले की समंजस माणूस दुसऱ्या दिवसापासून शब्द बदलतो. लिखित थाईत आणि वृत्तपत्रांत ‘छाव इंदिया’ हाच रूढ शब्द आहे, म्हणजे आपण काही जगावेगळे मागत नाही. मी स्वतः त्यांच्याच शब्दाचा खेळ करतो. मला खॅक म्हटले की मी म्हणतो, ‘पाहुणा म्हणताय तर जेवायला घाला.’ थाईत हा विनोद पूर्ण लागू पडतो, मंडळी हसतात, आणि त्या हसण्यात बोलणाऱ्याला आपण काय म्हणालो हे कळलेले असते. खरा बदल मात्र आपले नाव रूळल्यावर होतो. आपल्याहून लहान सहकारी ज्या दिवशी नावाआधी ‘फी’ म्हणजे दादा लावून हाक मारेल, आणि मोठा सहकारी ‘नोंग’ म्हणजे धाकटा म्हणून काम सांगेल, त्या दिवसापासून त्या खोलीत आपण खॅक नाही. ‘आय’ लावून बोलणारा मात्र विनोदाने सुधारत नाही. त्याच्याविषयी वरिष्ठांकडे शांतपणे, एकांतात आणि लेखी बोलावे, कारण चारचौघांत कोणाची लाज काढली तर थाई कार्यालयात चूक कोणाची हा मुद्दाच बाजूला पडतो.

राहिला तो रखवालदार. ‘मी’ म्हणजे आहे, ‘मा हा’ म्हणजे भेटायला आला, आणि ‘मी खॅक मा हा’ हे वाक्य बँकॉकच्या प्रत्येक इमारतीतला प्रत्येक रखवालदार दिवसातून पन्नास वेळा बोलतो, समोर जर्मन उभा असो, जपानी असो किंवा शेजारच्या गल्लीतील थाई आजीबाई असोत. त्याने आपल्या मित्राला कळवले ते एवढेच, की तुमच्याकडे पाहुणे आले आहेत.